दार्जिलिंगची आमची यात्रा

प्रवासवर्णन लिहिणारा मनुष्य बहुधा पाहिलेल्या स्थळाची थोरवी सांगतो आणि स्वतःची फजिती लपवितो. आम्हीं मात्र या लेखांत दोन्ही गोष्टी सांगण्याचें ठरविलें आहे. कारण दार्जिलिंगला जाऊन आम्हांस जें कांहीं शिकावयास मिळालें, त्यांतील निम्मेंअधिक आमच्या फजितीमुळेंच मिळालें.

गेल्या वर्षीं आमच्या तीर्थरूप नानांचें वर्षश्राद्ध झालें. नानांनीं जवळजवळ चाळीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. फळ्यावर खडूनें हिमालयाची रांग काढण्यांत त्यांचा हातखंडा असे. नंदादेवी, धवलगिरी, गौरीशंकर, कांचनगंगा अशीं शिखरें ते पश्चिमेकडून पूर्वेकडे एका दमांत काढीत. पण प्रत्यक्ष पाहिलेला मोठ्यांत मोठा डोंगर म्हणजे त्यांच्यापुरता सिंहगडच! ‘पेन्शन झाल्यावर जाऊं’ असें म्हणतां म्हणतां पेन्शन झाली, गुडघे गेले आणि शेवटीं नानाही गेले. श्राद्धानंतर चारआठ दिवसांनीं घरांत बोलणें निघालें कीं, त्यांची ही इच्छा निदान आपण तरी पुरी करावी. बदरीकेदारची वाट कठीण, म्हणून जेथें आगगाडी थेट गांवांत जाते असें दार्जिलिंग सर्वानुमतें ठरलें.

सर्वानुमतें म्हणजे मातोश्रींना वगळून. त्यांचें वय शहात्तर, रक्तदाबाचा विकार जुना, आणि दार्जिलिंग समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंच. त्यांना वडील बंधूंकडे ठेवावें आणि आपण सात माणसांनीं जाऊन यावें, असा बेत आम्हीं दिवाणखान्यांत दार लोटून केला. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमध्यें एकच भिंत आहे, याचें भान कोणास राहिलें नाहीं. रात्रीं पानें वाढतांना मातोश्री शांतपणें म्हणाल्या, “त्यांची इच्छा तुम्ही पुरी करणार, तें ठीकच आहे. पण मी काय पन्नास वर्षें त्यांच्या फळ्याकडे पाठ करून बसलें होतें?”

यावर कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांना विचारलें. ते म्हणाले कीं, चढण सावकाश करा, पहिले दोन दिवस दगदग टाळा आणि गोळ्या चुकवूं नका. ज्या प्रश्नाचें उत्तर एका भेटींत मिळण्यासारखें होतें, त्यासाठीं आम्हीं दार लोटून खलबत केलें होतें. असो.

कार्तिकांत आम्ही निघालों. पुण्याहून कलकत्ता, तेथून रात्रीच्या गाडीनें न्यू जलपाईगुडी, आणि तेथें ती सुप्रसिद्ध छोटी गाडी. मोटारीनें तीनचार तासांत वर पोंचतां येतें. पण सावकाश चढावयाचें असेल, तर या गाडीइतकी सावकाश चढणारी वस्तु दुसरी नसेल! अठ्ठ्याऐंशी किलोमीटरला तिला उभा दिवस लागतो. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. १८७९ सालीं कामास आरंभ झाला आणि १८८१ सालीं गाडी दार्जिलिंगला पोंचली. १९९९ सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक वारशांत केली. आमच्या खंडाळ्याच्या घाटांत बोगदे आहेत. या रुळावर बोगदा म्हणून नाहीं. चढ फारच उभा आला, तर गाडी एकदां पुढें, एकदां मागें आणि पुन्हां पुढें अशी नागमोडी जाऊन वरच्या टप्प्यावर येते. कोठें आपल्याच रुळाभोंवतीं वळसा घेऊन वर चढते. मुलांना ही मौज इतकी आवडली कीं, खिडकीवरून त्यांची भांडणें सोडवितां सोडवितां आमचें कुटुंब थकून गेलें.

सुकना सोडल्यावर सालाचें अरण्य लागतें, पुढें चहाचे मळे, आणि कर्सियांगच्या सुमारास हवा एकदम थंड होते. रूळ आणि मोटारींचा रस्ता शेजारींशेजारीं जातात, वारंवार एकमेकांस ओलांडतात. बाजारांतून गाडी जातांना दुकानदाराच्या टोपलींतील संत्रें हात लांबवून उचलतां येईल, इतकीं तीं जवळ असतात. सायंकाळीं घूम स्टेशन आलें. त्याची उंची ७,४०७ फूट. भारतीय रेल्वेवरील सर्वांत उंच स्टेशन हेंच. येथून पुढें गाडी उतरूं लागते आणि बतासियाचा प्रसिद्ध वळसा घेऊन दार्जिलिंगांत शिरते. मातोश्रींनीं दशम्यांचा डबा मिटला, शाल घट्ट केली आणि म्हणाल्या, “बैलगाडीनें माहेरीं जात असें, त्याची आठवण झाली.” त्यांना कांहीं एक त्रास झाला नाहीं. वाटेंत डोकें धरून बसले ते आमचे धाकटे बंधू!

या गांवाचें नांव तिबेटी आहे. दोर्जे म्हणजे वज्र आणि लिंग म्हणजे स्थान. वज्राचें स्थान तें दार्जिलिंग. हा मुलूख पूर्वीं सिक्कीमच्या राजाचा. १८३५ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीनें आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठीं म्हणून मागून घेतला. पुढें डॉ. कॅम्पबेल या अधिकाऱ्यानें १८४१ च्या सुमारास आपल्या बागेंत चहाचें बीं लाविलें आणि कालांतरानें डोंगरचे डोंगर चहानें झांकून गेले. मळ्यांवर राबण्यासाठीं नेपाळांतून माणसें आलीं. त्यांचीच भाषा आज येथें घरोघर बोलतात. आमचा मोटारवालाही नेपाळी बोलणारा, विशीबाविशीचा तरुण होता. पहिल्याच दिवशीं त्यानें मातोश्रींना ‘आमा’ म्हणून हांक मारली. नेपाळींत आमा म्हणजे आई. त्या दिवसापासून उतरतांना त्याचा हात पुढें आल्याखेरीज मातोश्री मोटारींतून पाय खालीं ठेवीत नसत.

गांवाचें सौंदर्य पुष्कळांनीं वर्णिलें आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थोड्या लोकांसाठीं वसविलेलें हें गांव आतां माणसांनीं आणि मोटारींनीं खच्चून भरलें आहे. सिंचलच्या तलावांतून येणारें पाणी पुरत नाहीं. गल्लीगल्लींतून टांक्यांच्या गाड्या फिरतात आणि बायामाणसें डबे घेऊन चढ चढतात. आमच्या उतारशाळेंत ‘पाणी जपून वापरावें’ अशी पाटी होती. ती वाचून मातोश्रींनीं आपलें रोजचें दोन वेळांचें स्नान एकावर आणलें. सोंवळ्याचा हट्ट त्यांनीं पाण्यापुढें सोडला, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. पुढें याहून अधिक आश्चर्यें पाहावयाचीं होतीं.

चौरस्त्यामागें एक टेंकडी आहे. पूर्वीं तेथें बौद्ध मठ होता. त्याच्याच नांवावरून गांवाला नांव पडलें असें सांगतात. आज तेथें महाकालाचें मंदिर आहे. वाटेवर दोहों बाजूंस रंगीबेरंगी पताका फडफडत असतात आणि त्या प्रत्येकीवर मंत्र छापलेले असतात. वारा सुटला कीं मंत्र आपोआप दिगंतरास जातो, अशी कल्पना. मंदिरांत एका बाजूस हिंदु पुजारी आणि दुसऱ्या बाजूस बौद्ध लामा बसतात, देव एकच. भाविक एकाकडून टिळा आणि दुसऱ्याकडून आशीर्वाद घेतो आणि घंटा वाजवून खालीं उतरतो. आमच्या बंधूंनीं विचारलें, “हें मंदिर नक्की कोणाचें?” पुजारी हंसून हिंदींत म्हणाला, “येतो त्याचें.”

तिसऱ्या दिवशीं घूमचा मठ पाहावयाचें ठरलें. यिगा चोलिंग असें त्याचें नांव असून तो १८५० सालीं शेरब ग्यात्सो नांवाच्या मंगोल लामानें स्थापिला. हा गेलुग म्हणजे पिवळ्या टोपीच्या पंथाचा मठ. दलाई लामा याच पंथाचे. स्टेशनापासून बाजारांतून थोडें चाललें कीं तो लागतो. त्या दिवशीं धुकें इतकें दाट होतें कीं, दारावरचे सोनेरी हरिण आणि त्यांच्यामधील धर्मचक्र आम्हांस अगदीं पायरीशीं गेल्यावर दिसलें. भिंतीलगत पितळी चक्रांची रांग होती. त्यांच्या पोटांत मंत्रांच्या गुंडाळ्या असतात, आणि भक्त उजव्या हातानें तीं फिरवीत, आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेनें मठाभोंवतीं चालतात.

येथें आमच्यापुढें प्रश्न उभा राहिला. मातोश्री आंत येतील काय? घरीं त्यांचें सोंवळें कडक. परक्या धर्माच्या देवळांत आग्रहानें नेल्यासारखें होऊं नये, म्हणून आम्हीं आधींच म्हटलें, “आई, तूं हवी तर बाहेर बांकावर बैस. आम्ही पटकन पाहून येतों.”

त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. “अरे, नाना गेल्यापासून पूजा तूंच करतोस ना? मग संकल्प काय म्हणून सोडतोस?”

आम्ही गप्प झालों. आमच्या घरीं पूजेच्या आरंभीं देशकालाचा उच्चार होतो, त्यांत ‘बौद्धावतारे’ हा शब्द येतो. नानांच्या तोंडून तो आम्हीं हजारों वेळां ऐकला, वर्षभर स्वतः उच्चारला, आणि त्याचा अर्थ एकदांही मनांत आला नाहीं. मातोश्री म्हणाल्या, “ज्याच्या अवतारांत आपण रोज पाणी सोडतों, त्याच्या दारीं येऊन बाहेर बसूं?” आणि चपला काढून, मोटारवाल्या मुलाचा हात धरून, त्या आमच्याही आधीं आंत गेल्या.

आंत गाभाऱ्यांत सुमारें पंधरा फूट उंचीची मैत्रेयाची मूर्ति आहे. मैत्रेय म्हणजे पुढें येणारा बुद्ध. पद्मासन न घालतां तो पाय खालीं सोडून सिंहासनावर बसलेला आहे. जणूं उठून चालूं लागण्याच्या तयारींत. ही बैठक पाहतांच आम्हांस वेरुळच्या दहाव्या लेण्याची, विश्वकर्म्याच्या लेण्याची, आठवण झाली. तेथील दगडी बुद्धही असाच पाय सोडून बसला आहे. सह्याद्रीच्या कुशींतील आणि हिमालयाच्या खांद्यावरील या दोन मूर्तींत हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे, पण बसण्याची रीत एकच. कार्लें, भाजें, अजिंठा, वेरूळ हीं स्थळें आम्हीं लहानपणापासून सहलीला जाऊन पाहिलीं. पण तेथें पूजा बंद पडून शतकें लोटलीं. येथें मात्र दिवे जळत होते, धूप दरवळत होता आणि आठदहा वर्षांचे बालभिक्षु डुलत डुलत पाठ म्हणत होते. त्यांतील एकाचें लक्ष आमच्या पुतण्याच्या हातांतील बिस्किटांकडे होतें, हेंही नमूद केलें पाहिजे.

भिंतींतील फडताळांत कापडांत बांधलेले ग्रंथ रचून ठेविले होते. सुटीं लांबट पानें, वरखालीं लांकडी फळ्या आणि भोंवतीं वस्त्र. “या तर पोथ्याच आहेत कीं!” मातोश्री उद्गारल्या. खरोखर त्या पोथ्याच. बुद्धवचनांचा हा संग्रह, कंग्युर, बहुतेक संस्कृतांतून तिबेटींत उतरविलेला आहे. आपल्याकडे मूळ ग्रंथ नष्ट झाले, पण त्यांचीं भाषांतरें तिबेटी पंडितांनीं जपलीं, अशीं उदाहरणें थोडींथोडकीं नाहींत. त्यांची लिपीही भारतीय लिपीवरूनच निघालेली.

या विद्येच्या मागें लागून कितीएक माणसें या डोंगरांत आलीं. हंगेरींतून चोमा द कोरोश नांवाचा एक दरिद्री विद्वान मोठा मार्ग पायीं तुडवीत लडाखांत आला, मठांतील कडाक्याच्या थंडींत तिबेटी शिकला आणि १८३४ सालीं त्यानें कलकत्त्यास तिबेटी कोश व व्याकरण छापलें. ल्हासाला जाण्यासाठीं निघाला असतां तराईंतील ज्वरानें त्यास गांठलें आणि १८४२ सालीं तो दार्जिलिंगांतच वारला. त्याची समाधि येथील जुन्या दफनभूमींत आहे. येथील शाळेचे मुख्याध्यापक शरच्चंद्र दास दोनदां तिबेटांत जाऊन आले आणि १९०२ सालीं त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. राहुल सांकृत्यायन यांचा देहही १९६३ सालीं येथेंच पडला. आपल्याकडचे धर्मानंद कोसंबी हे याच जातीचे. गोव्यांतील सांखवाळच्या एका सारस्वत घरांत १८७६ सालीं त्यांचा जन्म झाला. बुद्धाचा धर्म जाणावा या एका ध्यासानें ते घर सोडून निघाले, नेपाळपर्यंत जाऊन आले आणि शेवटीं सिलोनांत पाली शिकले. आम्ही आगगाडींत बसून, दशम्या खात येथें आलों होतों. या नांवांपुढें आमच्या प्रवासाची बढाई ती काय!

मूर्तीपुढें लहानलहान पितळी समयांची ओळ होती. पूर्वीं त्यांत याकाचें लोणी घालीत, आतां बहुधा वनस्पति तूप असतें. कोणी आप्त वारला असेल, तर त्याच्या नांवानें एक दिवा लावण्याची तेथें रीत आहे. मातोश्रींनीं तें पाहिलें आणि आपल्यालाही दिवा लावावयाचा आहे असें हिंदी-मराठी मिश्र बोलींत सांगितलें. वृद्ध लामानें काडी पुढें केली आणि विचारलें, “कोणाच्या नांवानें?”

मातोश्री थांबल्या.

आमच्या जुन्या वाचक भगिनींना याचें कारण सांगावयास नको. बावन्न वर्षांच्या संसारांत त्यांनीं नानांचें नांव उखाण्याखेरीज कधीं घेतलें नव्हतें. बँकेंत, दवाखान्यांत, रेशनच्या दुकानांत नांव सांगण्याची वेळ आली, कीं त्या मुलांकडे पाहत आणि मुलें नांव सांगत. आम्ही संवयीनें पुढें झालों. त्यांनीं हातानेंच आम्हांस थांबविलें. आणि मग, मूर्तीकडे पाहत, उखाण्यावांचून, नुसतें नांव घेतलें. नांव आणि आडनांव, स्पष्ट. लामानें तें आपल्या उच्चारांत एकदां म्हणून पाहिलें, मातोश्रींनीं एका अक्षराची चूक दुरुस्त केली, आणि दिवा लागला.

आम्ही कोणीच कांहीं बोललों नाहीं. बाहेर आल्यावर लामानें चहा दिला. मीठ आणि लोणी घातलेला तो चहा आम्हांस दोन घोटांवर गेला नाहीं. मातोश्रींनीं वाटी रिकामी केली आणि म्हणाल्या, “पिठल्यासारखा लागतो. पण थंडींत बरा.”

राहतां राहिलें कांचनगंगेचें दर्शन. दार्जिलिंगच्या उत्तरेस, सरळ रेषेंत सुमारें पंचाहत्तर किलोमीटरांवर, जगांतील हें तिसऱ्या क्रमांकाचें शिखर आहे. उंची २८,१६९ फूट. तिबेटींत याच्या नांवाचा अर्थ ‘महाहिमाच्या पांच निधी’ असा करतात. आपण त्याची गंगा केली. सिक्कीमचे लोक त्यास देवता मानतात. १९५५ सालीं ब्राउन आणि बँड हे दोघे गिर्यारोहक प्रथमच माथ्यापाशीं पोंचले. पण सिक्कीमच्या राजास दिलेल्या शब्दाप्रमाणें, शेवटचीं कांहीं पावलें न टाकतां ते परत फिरले. मोटारवाल्यानें ही गोष्ट सांगितली तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “शहाणे. देवाच्या डोक्यावर पाय कशाला द्यावा?”

चौथ्या दिवशीं पहाटे तीन वाजतां आम्ही सारे, मातोश्रींना निजवून, टायगर हिलला गेलों. ही टेंकडी सुमारें ८,५०० फूट उंच असून येथून सूर्योदयाच्या वेळीं हिमशिखरें सोन्याचीं होतात, अशी ख्याति आहे. मोटारींची रांग मैलभर, माणसांची गर्दी यात्रेसारखी. आम्ही तीन तास कुडकुडत उभे राहिलों. समोर राखाडी धुक्याशिवाय कांहीं नव्हतें. आमच्या पुतण्यानें विचारलें, “काका, सूर्य उगवला का?” आम्हीं घड्याळाकडे पाहून सांगितलें, “हो, उगवला असावा.”

हिरमुसलेले होऊन परतलों, तों मातोश्री मागच्या ओट्यावर, जेथें उतारशाळेचीं धुणीं वाळत घालीत, तेथें शाल पांघरून बसलेल्या. जवळ रिकामा कप. आम्हीं घडलेला प्रकार सांगितला.

“मला दिसली,” त्या म्हणाल्या. “स्नानाला पाणी तापलें का पाहावें म्हणून इकडे आलें, तों समोर सगळी उघडी. पांचदहा मिनिटें होती. आधीं गुलाबी, मग पिवळी, मग पांढरी. मग धुकें आलें.” थोडें थांबून म्हणाल्या, “ते फळ्यावर काढीत, तश्शीच आहे. डाव्या बाजूचा उतारसुद्धां. मात्र खडू पुष्कळ लागला असता.”

आम्हांस ती दिसली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही परत निघालों, तेव्हांही उत्तर दिशा झांकलेलीच होती. ज्यांना घरीं ठेवण्याचा आम्हीं बेत केला होता, त्यांनींच तेवढें शिखर पाहिलें आणि नानांच्या नांवानें दिवाही त्यांनींच लाविला. यात्रा घडली ती खरोखर त्यांना. आम्ही सामान वाहावयास होतों, असें म्हटलें तरी चालेल.

परतीच्या गाडींत मातोश्री बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग एकाएकीं म्हणाल्या, “आपल्या मागच्या वस्तींत विहार आहे ना रे? वैशाखी पौर्णिमेला तेथें दिवे लागतात. आपण गच्चीवरून पाहतों.”

“हो,” आम्ही म्हणालों.

“तेथें जायला किती तास लागतात?”

१४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर आमच्या महाराष्ट्रांत गांवोगांव विहार उभे राहिले. आमच्या घरामागचा विहार त्यांतलाच. तेथील लोकांना ज्या विटाळामुळें आपली वाट निराळी करावी लागली, तो विटाळ आमच्याच वाड्यांनीं पाळला होता, हें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. घूमच्या मठांत मोकळेपणानें शिरणें सोपें होतें. तेथें आम्हांस कोणी ओळखत नव्हतें आणि आमच्याकडे कसलेंही जुनें देणें नव्हतें.

यंदाच्या वैशाखी पौर्णिमेस सायंकाळीं मातोश्री, आम्ही आणि आमचें कुटुंब त्या विहारांत गेलों. चालत सहा मिनिटें लागलीं. दाराशीं एका प्रौढ बाईंनीं आमच्याकडे क्षणभर निरखून पाहिलें. त्यांत प्रश्न होता, आणि तो असावयासच हवा. मग त्या मातोश्रींना म्हणाल्या, “या आजी, इकडे खुर्ची आहे.” मातोश्री म्हणाल्या, “खुर्ची नको. आधीं एक दिवा लावूं द्या.”